रिकामा रकाना

निवडणूक ड्युटीची ऑर्डर आली की ऑफिसात ती सगळ्यांना आधी कळते आणि जिच्या नावाची असते तिला शेवटी. माझी पहिली ऑर्डर टेबलावर आली तोवर शेजारच्या दोघींची ती उलटसुलट वाचून झाली होती. नाव, हुद्दा, मूळ वेतन, मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, मोबाइल नंबर, सगळं बिनचूक. पदनाम 'मतदान अधिकारी क्रमांक २'. प्रशिक्षणाची तारीख, वेळ, सभागृह. त्याखाली एक रकाना होता, 'मतदान केंद्राचे नाव व क्रमांक'. तो कोरा.

"हे छापायचं राहिलंय," मी म्हणाले.

"राहिलं नाही," आमचे हेडक्लार्क म्हणाले. त्यांच्या बारा निवडणुका झाल्या होत्या. "ते अजून कुणालाच माहीत नाही. ज्यांनी ऑर्डर काढली त्यांनासुद्धा."

मला रागच आला. माणसाला विचारायचं नाही, कुठे जायचंय ते सांगायचं नाही, आणि गैरहजर राहिलं तर कारवाईची तंबी मात्र तळाशी ठळक अक्षरात. घरी लहान मूल, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. रात्रीचा मुक्काम कुठे पडणार हे एक दिवस आधी कळणार म्हटल्यावर घरातल्या कुणाला काय सांगून ठेवायचं? त्या कोऱ्या रकान्याकडे बघून मला वाटलं, इथे आपण माणूस नाही, पाठवायचं सामान आहोत. पुढे दोन ड्युट्या केल्या, दरम्यान कायद्याची पुस्तकं चाळली, दुसऱ्या देशांत हे कसं करतात ते वाचत गेले, तेव्हा त्या रकान्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. राग पुरता गेला नाही, पण त्याची जागा बदलली.

आपल्याकडची पद्धत आधी सांगते. निवडणूक आयोगाकडे कायमची माणसं अगदी थोडी. २०२४ च्या लोकसभेला साडेदहा लाख मतदान केंद्रं होती आणि मतदान कर्मचारी व सुरक्षा दल मिळून दीड कोटी माणसं कामाला लागली. एवढी माणसं आयोगाने आणायची कुठून? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४ च्या सहाव्या खंडात त्याची तजवीज आहे. आयोगाने मागणी केली की राष्ट्रपती आणि राज्यपालांनी त्याला कर्मचारी पुरवायचे. मग कोण पाटबंधाऱ्यातला, कोण शाळेतला, कोण बँकेतला. तेवढ्या दिवसांपुरते सगळे आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर आणि आयोगाच्या शिस्तीखाली. नेमणूक करतो जिल्हा निवडणूक अधिकारी. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २६ नुसार प्रत्येक केंद्राला एक केंद्राध्यक्ष आणि लागतील तेवढे मतदान अधिकारी त्याने नेमायचे. एकच अट, की ज्याने या निवडणुकीत कुठल्याही उमेदवारासाठी काम केलं असेल तो त्यात नको.

नावं एकदा संगणकात गेली की सरमिसळ सुरू होते. तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत कुणाला घ्यायचं ते ठरतं. दुसऱ्या फेरीत चौघाचौघांची पथकं बनतात आणि विधानसभा मतदारसंघ ठरतो. जिथे राहतो किंवा जिथे नोकरी करतो तो मतदारसंघ शक्यतो टाळतात, एका पथकात एकाच खात्याची माणसंही शक्यतो येऊ देत नाहीत. तिसऱ्या फेरीत, अगदी शेवटी, कुठलं पथक कुठल्या केंद्रावर ते ठरतं. शेवटच्या दोन्ही फेऱ्या बाहेरून आलेल्या निरीक्षकांसमोर होतात. माझा रकाना त्या तिसऱ्या फेरीपर्यंत कोरा राहणार होता. मी कुठे बसणार हे मलाच माहीत नसेल, तर मला गाठून काही सांगू पाहणाऱ्यालाही ते माहीत नसणार. इतकी साधी गोष्ट, पण प्रशिक्षणाच्या तीन तासांत ती मला कुणी सांगितली नाही. तिथे यंत्राची बटणं सांगितली, पाकिटांचे रंग सांगितले. तुम्हाला असं का निवडलं हे कुणी पाच मिनिटं सांगितलं असतं तर त्या सभागृहातले निम्मे चेहरे वेगळे दिसले असते.

पथकातले आम्ही चौघं साहित्य वाटप केंद्रावर पहिल्यांदा भेटलो. मंडपात फळीवर खडूने लिहिलेला पथक क्रमांक शोधायचा आणि त्याच्याखाली उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना विचारायचं, तुम्ही आमचेच का? केंद्राध्यक्ष पाटबंधारे खात्यातले, निवृत्तीला आलेले नव्हेत पण केस पिकलेले. एक शिक्षिका क्रमांक एकला, एक बँकेतला तरुण क्रमांक तीनला. सतरंजीवर बसून यादीप्रमाणे सामान ताडून घेतलं. यंत्रं, मतदार यादीच्या प्रती, मतदारांच्या सह्यांची १७ अ ची नोंदवही, कागदी मोहरा, पत्त्याच्या चिठ्ठ्या, लाख, मेणबत्ती, सुतळी, पितळी शिक्का. शाईची बाटली माझ्या ताब्यात आली. केंद्राध्यक्षांनी ती उजेडात धरून हलवून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, उद्या वाळू शोधायची." मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी शाळेच्या मैदानातून मूठभर वाळू आणली, एका वाटीत भरली आणि बाटली तिच्यात रोवून दिली. दिवसभर हात लागून ती कलंडू नये म्हणून. पुढे बघितलं तर नियमपुस्तिकेतही तसंच लिहिलंय.

पहाटे अभिरूप मतदान. प्रत्यक्ष मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतं टाकायची, मोजून दाखवायची, पुसायची, मग यंत्र मोहरबंद करायचं. अजून पुरतं उजाडलेलं नव्हतं. खिडकीशी दोन प्रतिनिधी बसले होते, दोन वेगळ्या पक्षांचे, शेजारी शेजारी. त्यातला एक माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, तुम्ही कुठल्या?"

मी सांगितलं.

"इकडं कुणी नात्यातलं?"

"कुणी नाही."

"मग बरंय," म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

दुपारी गर्दी जरा ओसरली तेव्हा दुसरा आला. त्यानेही तेच दोन प्रश्न विचारले, त्याच क्रमाने, आणि तीच उत्तरं ऐकून त्याचाही चेहरा तसाच सैल झाला. दोघांचं सकाळपासून एकमेकांशी पटत नव्हतं. कोण यादीत आहे, कोण गेलाय, कोण आला नाही यावरून दर अर्ध्या तासाला कुरबूर चालली होती. पण माझ्याबद्दल दोघांना एकाच गोष्टीचं समाधान वाटलं, की मी इथली कुणी नाही. मी कशी आहे, प्रामाणिक आहे की नाही हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं आणि त्यांनी ते विचारलंही नाही. माझ्या ओळखीचं तिथे कुणी नव्हतं, एवढं त्यांना पुरेसं होतं. आदल्या आठवड्यात जे मला अपमानासारखं वाटलं होतं तेच त्या खोलीत माझं एकमेव ओळखपत्र होतं.

तिसऱ्या प्रहरी एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्यावर एका प्रतिनिधीने आक्षेप घेतला, हे ते नव्हेत म्हणाला. अशा आक्षेपासाठी दोन रुपये जमा करावे लागतात. रक्कम एवढीशी, पण त्याची पावती फाडावी लागते, आणि पावतीवर सही करताना आक्षेप घेणारा क्षणभर थांबतो हे मी बघितलं. केंद्राध्यक्षांनी म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवलं, वडिलांचं नाव विचारलं, यादीतली आधीची आणि नंतरची नावं कुणाची ते विचारलं, ओळखपत्र उजेडात नेऊन पाहिलं. मग म्हणाले, "हेच ते. मतदान करू द्या." पाच-सात मिनिटांचं काम. आक्षेप घेणारा पुढे एक शब्द बोलला नाही. केंद्राध्यक्ष त्याच गावचे असते तर तो गप्प बसला असता असं मला वाटत नाही.

म्हाताऱ्यांच्या बोटाला मी शाई लावली. डाव्या तर्जनीला, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. आपल्याकडे ही शाई १९६२ पासून वापरात आहे, म्हैसूरला तयार होते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि ऊन लागलं की काळी पडत जाते. सातशेच्या वर बोटं मी त्या दिवशी हातात धरली. संध्याकाळी माझ्या स्वतःच्या तीन बोटांवर त्याचे डाग होते, मत मात्र मी टपाली मतपत्रिकेवर आधीच दिलेलं होतं. आपल्या मतदारसंघाबाहेर गेलेल्या कर्मचाऱ्याला तेच करावं लागतं.

यावरून श्याम सरन नेगी आठवतात. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. हिमाचलात बर्फ पडून वाटा बंद होतील म्हणून तिथलं मतदान सगळ्या देशाच्या आधी, २५ ऑक्टोबर १९५१ ला झालं. नेगी शाळामास्तर होते, आणि त्यांनीच सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे त्या दिवशी त्यांची निवडणुकीची ड्युटी दुसऱ्या गावी होती. वेळेत ड्युटीवर पोहोचायचं म्हणून ते पहाटेच आपल्या केंद्रावर जाऊन उभे राहिले, मला आधी मत देऊ द्या म्हणाले. पहिलं मत देणारा माणूस स्वतः मतदान कर्मचारी होता, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. २०२२ च्या नोव्हेंबरात, मरणाच्या तीन दिवस आधी, त्यांनी शेवटचं मत टपाली मतपत्रिकेवर दिलं.

तेव्हाचं काम किती अवघड होतं ते नुसतं आठवून बघावं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन, गणिताचे अभ्यासक आणि आयसीएस अधिकारी. मतदार सतरा कोटींच्या वर, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. यादीत नाव घालायला गेलं तर लाखो बायका स्वतःचं नाव सांगेनात, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. सेन यांनी ते मान्य केलं नाही आणि सुमारे २८ लाख नावं यादीतून गळाली. ज्यांनी दारोदार जाऊन हे ऐकलं, लिहिलं, खोडलं, ते सगळे आमच्यासारखेच होते, कुठल्या तरी कचेरीतून उचलून आणलेले.

दुसरीकडे काय करतात हे वाचताना मला पहिल्यांदा स्पेनचं नवल वाटलं. तिथे केंद्रावर सरकारी नोकर बसतच नाहीत. मतदार यादीतून जाहीर चिठ्ठ्या काढून एक अध्यक्ष आणि दोन सदस्य निवडतात, प्रत्येकाला दोन दोन पर्यायी माणसं. बेकरीवाला असो की डॉक्टर, नाव निघालं की यायचं. न येणं हा गुन्हा आहे. २३ जुलै २०२३ ची निवडणूक ऐन सुट्ट्यांत आली तेव्हा सहलींची तिकिटं आधीच काढून ठेवलेल्या लोकांची केवढी तारांबळ उडाली, आणि निवडणूक जाहीर होण्याआधी ज्यांनी पैसे भरले होते त्यांची सबब ऐकून घेतली गेली. मेक्सिकोत तर चिठ्ठी दोनदा निघते. आधी वर्षातला एक महिना निघतो आणि त्या महिन्यापासून पुढे जन्मलेल्यांतून यादीचे १३ टक्के लोक उचलतात. मग एक अक्षर निघतं, त्या अक्षरापासून आडनावं मोजतात. त्यांच्या घरी जाऊन विचारणारे, शिकवणारे लोक वेगळे नेमलेले असतात. जन्ममहिना आणि आडनावाचं अक्षर, या दोन गोष्टींवर कुणाचीच सत्ता चालत नाही.

चिठ्ठीवरचा विश्वास काही आजचा नाही. तमिळनाडूत उत्तरमेरूरच्या देवळाच्या भिंतीवर परांतक चोळाच्या काळातला, दहाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागातला शिलालेख आहे. गावाच्या समित्यांवर कोण बसणार हे ठरवायला ताडपत्राच्या तुकड्यांवर नावं लिहून ती मडक्यात टाकायची आणि सगळ्यांसमोर एका लहान मुलाने हात घालून एक काढायचं. मडक्यात कुणाचं नाव टाकता येईल याच्या अटी कडक. वय पस्तिसाच्या वर आणि सत्तरीच्या आत. मागच्या तीन वर्षांत पद भूषवलेलं नको. आणि ज्याने आधीचा हिशेब दिला नाही तो तर नकोच, त्याचे नातलगही नकोत. मूल का, तर आत काय आहे ते त्याला माहीत नसतं. संगणकाच्या सरमिसळीला मी मनात त्या मुलाचा हात म्हणते.

सगळेच चिठ्ठी काढत नाहीत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात केंद्रावरची माणसं त्या भागातल्या मतदारांनी निवडून दिलेली असतात. केंद्रावरच्या 'इन्स्पेक्टर' या पदासाठी प्रत्येकाला एकच मत, पण जागा दोन, म्हणजे सर्वांत जास्त मतं मिळालेला एक आणि त्याच्या खालोखालचा दुसरा. हरलेल्या बाजूचा माणूस त्याच टेबलाला कायद्याने बसवलेला असतो. दोन विरोधकांनी एकमेकांच्या हाताकडे बघत बसायचं, ही त्यांची निःपक्षपाताची कल्पना. माझ्या दोन प्रतिनिधींना तिथे अधिकाऱ्याच्या खुर्च्या मिळाल्या असत्या. मला आपली पद्धत जास्त जवळची वाटते, पण त्यामागचा विचार कळतो. जर्मनीत हे मानाचं नागरी कर्तव्य आहे, केंद्रावरच्या पाच ते नऊ जणांत मतदारच असतात, सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. ब्राझीलमध्ये उमेदवाराचे जवळचे नातेवाईक चालत नाहीत, आणि जितके दिवस काम केलं त्याच्या दुप्पट दिवस नोकरीतून रजा मिळते. ही दुप्पट रजेची गोष्ट मी आमच्या ऑफिसात सांगितली तेव्हा बराच वेळ कुणी कामाला लागलं नाही.

या सगळ्या वाचनात एका जागी मी थबकले आणि अजून तिथून पुरती निघालेले नाही. इतकी तयारी करून, चिठ्ठ्या काढून, राखीव माणसं ठेवून, मतदानाच्या सकाळी एखादी खुर्ची रिकामीच राहिली तर काय? मेक्सिकोचा कायदा म्हणतो, रांगेत उभा असलेला मतदार घ्या. स्पेनचा कायदा म्हणतो, केंद्रात हजर असलेल्या मतदाराला बसायला सांगता येईल. पेनसिल्व्हेनियात जमलेले मतदार तिथल्या तिथे आपल्यातला एक निवडतात. आणि आपलं कलम २६ म्हणतं, मतदान अधिकारी गैरहजर असेल तर केंद्राध्यक्षाने तिथे हजर असलेल्या, उमेदवारासाठी काम न करणाऱ्या कुणालाही नेमावं आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला तसं कळवावं. समुद्रापलीकडचे हे देश, वेगवेगळ्या काळात लिहिलेले कायदे, वेगळ्या भाषा. आणि सगळी यंत्रणा संपते तिथे चारही जण एकाच माणसाकडे बोट दाखवतात, जो कोण तिथे उभा आहे त्याच्याकडे. शहाण्याकडे नाही, शिकलेल्याकडे नाही, मत द्यायला आलेल्या पहिल्या माणसाकडे. कायदा लिहिणाऱ्यांनी शेवटचा भरवसा कुणावर ठेवला ते इथे दिसतं. मी रांगेत उभी असते तेव्हा हल्ली पुढच्या-मागच्या माणसांकडे मी निराळ्या डोळ्यांनी बघते.

आता माझा राग कुठे गेला ते सांगते. चिठ्ठी न्याय्य केव्हा, तर मडक्यात सगळ्यांची नावं असतील तेव्हा. आमच्याकडे ऑर्डर निघाल्या की दुसऱ्या दिवसापासून एकच वाक्य कानावर येतं, "नाव कापून मिळेल का?" खरी कारणं असतात. गरोदर बाई, ऑपरेशन झालेला माणूस, घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी. त्यांना सूट मिळायलाच हवी आणि ती मागताना त्यांना उन्हात तीन तास उभं राहावं लागू नये. माझ्या एका सहकारी बाईंच्या पोटाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. कागदपत्रांची फाइल छातीशी धरून त्या एका कार्यालयाच्या व्हरांड्यात सकाळपासून बसल्या होत्या आणि त्यांच्यादेखत दोन धडधाकट माणसं आत जाऊन पाच मिनिटांत हसत बाहेर आली. बाईंचं नाव चार वाजता यादीतून कापलं गेलं. ती दोन नावं कापली गेली त्यांच्या जागी आणखी दोघांच्या ऑर्डरी निघाल्या असणार. सरमिसळीची तिसरी फेरी कितीही चोख केली, निरीक्षक समोर बसवले, तरी मडक्यातूनच नावं गाळली गेली तर त्या मुलाच्या हाताला काय अर्थ राहिला? केंद्रावर कोण बसलं यावर सगळ्यांची नजर असते. कोण कधीच बसत नाही यावर कुणाची नसते. मला विचाराल तर प्रत्येक कार्यालयाच्या फळ्यावर दोन याद्या लागाव्यात, कुणाची नेमणूक झाली आणि कुणाची कोणत्या कारणाने रद्द झाली.

शिक्षकांचं तर वेगळंच. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ ने शिक्षकांना शाळाबाह्य कामाला जुंपण्यावर बंदी घातली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांचा अपवाद ठेवूनच. त्याआधी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शाळेच्या प्रकरणात सांगितलं होतं की हे काम शक्यतो सुटीच्या आणि शिकवण्याच्या नसलेल्या दिवशी घ्यावं. फिलिपिन्सने २०१६ मध्ये कायदाच केला की शिक्षकांवर निवडणुकीचं काम सक्तीचं राहणार नाही. माझ्या पथकातल्या शिक्षिका त्या वर्षी याद्यांच्या कामापासून मतदानापर्यंत होत्या. रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडल्या पडल्या त्या पोरांच्या राहिलेल्या वह्यांबद्दल बोलत होत्या. त्या शाळेत बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. आम्ही दोघी आळीपाळीने बाहेर उभ्या राहिलो.

ज्याला चिठ्ठीने उचललं त्याची काळजी घेणं हे उचलणाऱ्याचं देणं आहे, आणि ते थकलं की काय होतं हे इंडोनेशियाने बघितलं. १७ एप्रिल २०१९ ला तिथे पहिल्यांदाच अध्यक्षपद आणि सगळ्या कायदेमंडळांचं मतदान एका दिवशी घेतलं. बहुतेक मतदारांच्या हातात पाच पाच मतपत्रिका, मोजणी तिथेच, हाताने, दुसऱ्या दिवसाच्या उजेडापर्यंत. प्रत्येक केंद्रावर सात जण. पुढच्या काही आठवड्यांत तिथल्या आयोगाने ८९४ कर्मचाऱ्यांच्या मृत्यूची नोंद केली. बहुतेकांना आधीचे आजार होते आणि अतिश्रमाने ते उलटले. २०२४ च्या निवडणुकीला त्यांनी या कामासाठी वयाची पंचावन्नची मर्यादा घातली आणि आरोग्य तपासणी सक्तीची केली. हे आकडे मी आमच्या पथकाच्या त्या रात्रीशी ताडून बघते. पहाटे साडेचारला उठलेले आम्ही साहित्य जमा करायला रात्री साडेअकराला रांगेत लागलो, पावती हातात पडली तेव्हा पावणेदोन झाले होते. केंद्राध्यक्ष रांगेत उभ्या उभ्या डोळे मिटत होते आणि यंत्राच्या पेटीवरचा त्यांचा हात मात्र सुटत नव्हता.

दुसरी इजा शरीराला होत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जियात २०२० च्या मतमोजणीत रुबी फ्रीमन आणि त्यांची मुलगी शे मॉस काम करत होत्या. आईने मुलीच्या हातात काहीतरी दिलं, एवढ्या एका दृश्यावरून त्यांनी मतं चोरल्याचं देशभर पसरवलं गेलं. धमक्या आल्या, आईला घर सोडावं लागलं. त्या हातात काय होतं असं २०२२ मध्ये संसदेच्या समितीसमोर विचारल्यावर शे मॉस यांनी सांगितलं, आल्याच्या स्वादाची पेपरमिंटची गोळी. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने त्यांना १४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. भरपाई मिळो न मिळो, ती गोळी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सकाळपासून टेबलाला बसलेल्या आईने लेकीला दिलेली.

माझी तिसरी ऑर्डर आली तेव्हा पदनामासमोर 'राखीव' असं होतं. राखीव म्हणजे वाटप केंद्रावर थांबायचं. कुठे कुणी आजारी पडलं, कुणाला अपघात झाला, कुणी आलंच नाही, की लगेच निघायचं. आदल्या दिवशी दुपारी पथकं निघाली. बसगाड्या एकेक करत मैदानातून बाहेर पडल्या, धूळ बसली, आणि मंडपात आम्ही चाळीसेक जण उरलो. ध्वनिक्षेपकावर अधूनमधून नाव पुकारायचे. ज्याचं नाव यायचं तो चप्पल शोधत उठायचा आणि जीपकडे धावायचा. संध्याकाळपर्यंत नऊ जण गेले, रात्री आणखी चार. माझ्या शेजारी टपाल खात्यातल्या एक बाई होत्या. पिशवी भरलेली, पाण्याची बाटली भरलेली, पायात बूट तसेच. रात्री झोपतानाही त्यांनी ते काढले नाहीत.

"पुकारलं तर?" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळीकडे मतदान सुरू झालं. भिंतीवरच्या तक्त्यात दर दोन तासांनी टक्केवारीचे आकडे भरले जात होते. दुपारी एका केंद्रावरच्या क्रमांक तीनला चक्कर आली आणि त्या बाईंचं नाव आलं. मी त्यांची पिशवी जीपपर्यंत नेऊन दिली. संध्याकाळी सहा वाजले, तक्त्यातला शेवटचा रकाना भरला. साडेसातला आम्हाला मोकळं केलं. टेबलामागच्या मुलाने माझी ऑर्डर घेतली, हजेरीपटात सही घेतली, आणि मतदान केंद्राच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून पेन धरून वर बघितलं.

"काही नाही," मी म्हणाले. त्याने तो तसाच कोरा ठेवला आणि खाली शिक्का मारला.